चालत्या सेवेखालून बदललेला इंटरप्रिटर

संगणकावर चालणारे बहुतेक प्रोग्रॅम अल्पायुषी असतात; कोणीतरी आज्ञा दिली की ते सुरू होतात, नेमलेले काम उरकतात आणि संपतात. सर्व्हरवर मात्र आणखी एका प्रकारचे प्रोग्रॅम असतात, जे यंत्र चालू होताना एकदा सुरू केले जातात आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनोन्महिने, कोणत्याही पडद्यावर न दिसता काम करीत राहतात. येणाऱ्या ईमेलमधील कचरा वेगळा काढणे, यंत्राच्या कामगिरीची आकडेवारी गोळा करणे, संकेतस्थळाकडे येणाऱ्या मागण्यांना उत्तरे देणे ही अशा पार्श्वसेवांची कामे असून युनिक्सच्या जगात त्यांना डीमन म्हणतात. यांपैकी ज्या सेवा सी भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेल्या असतात, त्यांचे अपग्रेडच्या वेळचे वागणे बरेचसे सरळ असते. पर्ल, पायथन किंवा रुबी या भाषांत लिहिलेल्या सेवांचे तसे नसते, कारण तेथे यंत्रावर प्रत्यक्ष चालतो तो त्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर वाचून, मेमरीत त्याला एक मधले रूप देऊन ते पायरीपायरीने अमलात आणणारा प्रोग्रॅम. आणि जिला आपण सेवा म्हणतो ती त्याच्या लेखी केवळ वाचायची सामग्री असते. सेवा चालू असतानाच हा इंटरप्रिटर बदलला गेला तर काय होते, आणि त्यानंतरची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न लिनक्सच्या पॅकेज-व्यवस्थेला अनेक वर्षे पुरला आहे.

त्याचे मूळ फाइलींच्या व्यवस्थेत आहे. युनिक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइलमधील मजकूर या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या जातात: मजकूर डिस्कवरील एका क्रमांकित नोंदीशी बांधलेला असतो, तिला आयनोड म्हणतात, आणि नाव म्हणजे त्या आयनोडचा क्रमांक सांगणारी डिरेक्टरीतील एक ओळ. डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजे बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि मग एकाच क्रियेत तिला जुन्या फाइलचे नाव देऊन टाकतो. त्या क्षणापासून ते नाव नव्या आयनोडचे होते आणि जुना आयनोड निनावी होतो. पण जोवर एखादी चालू प्रक्रिया त्याला धरून असते तोवर कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, तो पुसत नाही. म्हणूनच पर्लचा इंटरप्रिटर बदलला तरी आधीपासून चालू असलेली सेवा कोसळत नाही. तिच्या मेमरीच्या नकाशात जुन्या फाइलपुढे ती खोडली गेल्याचा शेरा दिसतो, एवढाच काय तो बाह्य फरक. विंडोजमध्ये चालू प्रोग्रॅमची फाइल सहसा अशी बदलता येत नाही आणि त्यामुळे यंत्रच पुन्हा सुरू करा अशी मागणी होते. युनिक्सने ती गैरसोय टाळली, मात्र त्यासाठी डिस्कवर एक आवृत्ती आणि मेमरीत दुसरी अशी दुहेरी अवस्था पत्करली, जी सुरू झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सी भाषेतील सेवा ही अवस्था बहुधा निभावून नेते, कारण तिला लागणारे जवळजवळ सारे सुरुवातीलाच मेमरीत आलेले असते. इंटरप्रिटरवर चालणारी सेवा मात्र चालू असतानाही पुन्हा पुन्हा डिस्ककडे वळते. या भाषांत तयार फंक्शने मॉड्यूल नावाच्या फाइलींमध्ये ठेवलेली असतात. सेवा त्यांतील अनेक मॉड्यूले आरंभीच वाचून घेते, परंतु काही मॉड्यूले, आरंभ लवकर व्हावा आणि मेमरी वाचावी म्हणून, प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत वाचली जात नाहीत. पायथनमध्ये मजकुरातील तारीख ओळखणारे फंक्शन पहिल्यांदा वापरले जाते तेव्हाच त्याचे खरे काम करणारे मॉड्यूल डिस्कवरून आणले जाते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही याची बहुधा कल्पना नसते. पारायणाला बसलेल्या माणसाचा निम्मा भाग वाचून झाल्यावर कोणी समोरची पोथी उचलून तेथे वेगळ्या पाठाची प्रत ठेवावी, तशी ही स्थिती आहे. वाचून झालेल्या भागाला बाध येत नाही, विसंगती कळते ती पुढचे पान उघडल्यावर. ते पान कधी उघडेल हे सेवेकडे कोणते काम केव्हा येते यावर अवलंबून असल्याने अपग्रेड आणि बिघाड यांच्यात काही मिनिटांचे अंतर असू शकते किंवा काही आठवड्यांचेही.

पर्लच्या जुन्या आवृत्त्यांत याचे एक उदाहरण मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. एखादे चिन्ह अक्षर आहे की विरामचिन्ह, हे लॅटिन लिपीच्या मूलभूत वर्णांबाबत इंटरप्रिटरला स्वतःलाच ठाऊक असे. देवनागरी किंवा चिनी यांसारख्या लिप्यांसाठी मात्र युनिकोडचे तक्ते वेगळ्या फाइलींत ठेवलेले असत आणि तशी चौकशी पहिल्यांदा झाली की मगच ते वाचले जात. ईमेल गाळणारी पर्लमधील सेवा अपग्रेडनंतरही इंग्रजी टपाल बिनतक्रार हाताळत राहावी आणि देवनागरीतील पहिलेच पत्र आल्यावर तिने हात टेकावेत, असे त्यामुळे घडू शकत होते. अशा बिघाडाचा माग काढणारा प्रशासक साहजिकच त्या पत्रातच काहीतरी खोट शोधत बसणार, कारण सेवा चालू आहे, कालपर्यंत ठीक होती आणि बाकीचे टपाल आजही ठीक जात आहे.

अपग्रेडनंतर डिस्ककडे वळलेल्या सेवेला दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली म्हणजे फाइल सापडतच नाही. डेबियनमध्ये पर्लची स्वतःची मॉड्यूले आवृत्तीचा क्रमांक असलेल्या डिरेक्टरीत असतात. जुन्या आवृत्तीचे पॅकेज निघाले की जुन्या क्रमांकाची डिरेक्टरीही त्याबरोबर जाते आणि जुना इंटरप्रिटर, ज्याच्या मेमरीत शोधायच्या डिरेक्टऱ्यांची जुनीच यादी आहे, रिकाम्या जागी शोधत राहतो. दुसरी अडचण अधिक वाईट आहे: फाइल सापडते, पण ती नव्या इंटरप्रिटरसाठी घडवलेली असते. पर्लची अनेक मॉड्यूले वेगासाठी सी भाषेत लिहून यंत्रभाषेत आणलेली असतात आणि इंटरप्रिटरच्या अंतर्गत रचना मेमरीत कशा मांडलेल्या आहेत हे गृहीत धरूनच ती काम करतात. ही मांडणी मोठ्या आवृत्तीबरोबर बदलते, आणि नव्या मांडणीचे मॉड्यूल जुन्या इंटरप्रिटरने उचलले तर मेमरीतील भलत्याच जागी लिहिले जाण्याचा धोका असतो. पर्लच्या ५.२२ या आवृत्तीपासून मॉड्यूल उचलताना दोन्ही बाजूंच्या रचनेची खूणगाठ ताडून पाहिली जाते आणि ती जुळली नाही तर इंटरप्रिटर स्पष्ट संदेश देऊन थांबतो. त्यापूर्वी हे नशिबावर बरेच अवलंबून असे. डेबियनमध्ये अशी मॉड्यूले ५.२० पूर्वी आवृत्ती-क्रमांक नसलेल्या एकाच सामाईक डिरेक्टरीत राहत, त्यामुळे एकाच अपग्रेडमध्ये एखाद्या सेवेच्या वाट्याला या दोन्ही अडचणी येऊ शकत.

यात खरी चिंता बिघाडाच्या अबोलपणाची असते. स्पॅमॲसॅसिन या प्रसिद्ध गाळणीची पार्श्वसेवा पर्लमध्ये लिहिलेली आहे आणि टपाल तिच्याकडे नेणारा छोटा प्रोग्रॅम, सेवेशी संपर्क होऊ शकला नाही तर पत्र अडवू नये म्हणून, ते न तपासताच पुढे देतो. ही रचना समंजस आहे, कारण गाळणी बिघडल्यामुळे पत्रव्यवहार थांबणे कोणालाच नको असते. पण तिचा परिणाम असा की सेवा मेली तरी बाहेरून दिसते ते एवढेच की कचरा थोडा वाढला आहे. उलट जेथे गाळणीविना टपाल पुढे जाऊ न देण्याची मांडणी केलेली असते, तेथे पत्रे टपाल-सर्व्हरच्या रांगेत साठत जातात. पोस्टफिक्स हा सर्व्हर मूळ मांडणीत अशी पत्रे ५ दिवस जपतो आणि मग पाठवणाऱ्याकडे परत करतो.

डेबियनच्या २०११ च्या स्क्वीझ या आवृत्तीत पर्ल ५.१० होते आणि २०१३ च्या व्हीझीत ५.१४ आले. या दोहोंमधील उडी मोठी होती. अशा उडीत डिस्कवर गोंधळ होऊ नये म्हणून यंत्रभाषेतील मॉड्यूल असलेले प्रत्येक पॅकेज आपण पर्लच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीच्या रचनेवर घडलो आहोत हे एका आभासी पॅकेजाच्या नावाने जाहीर करते, त्यामुळे इंटरप्रिटर आणि त्याची मॉड्यूले एकत्रच हलतात, एक पुढे आणि दुसरे मागे अशी अवस्था डिस्कवर टिकून राहत नाही. डिस्कपुरता प्रश्न अशा रीतीने सुटतो. डीपीकेजीचे काम मात्र दोन टप्प्यांत चालते, आधी सर्व फाइली उलगडून जागी ठेवायच्या आणि नंतर प्रत्येक पॅकेजाची मांडणी पुरी करणारी स्क्रिप्ट चालवायची; आणि ज्या सेवेच्या स्वतःच्या पॅकेजात काहीच बदल झालेला नाही तिच्यासाठी या दोन्ही टप्प्यांत कोणतीही स्क्रिप्ट चालत नाही. सेवेचे पॅकेज बदलले असते तर त्याच्याच स्क्रिप्टने तिला रिस्टार्ट केले असते. येथे बदलला तो इंटरप्रिटर, आणि इंटरप्रिटरच्या पॅकेजाला आपल्या आधाराने कोण कोण चालले आहे हे ठाऊक नसते, तसे ते ठाऊक असावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

यावर डेबियनच्या पर्ल-गटाने काढलेला तोडगा त्याच्या साधेपणामुळे अभ्यासण्यासारखा आहे. डीपीकेजीमध्ये ट्रिगर नावाची सोय आहे: एक पॅकेज विशिष्ट नावाची वर्दी देते, आणि ज्या पॅकेजांनी त्या नावात आपल्याला रस असल्याचे आधी नोंदवून ठेवले आहे, त्यांच्या स्क्रिप्टला डीपीकेजी नंतर एकदा बोलावतो. वर्दी कितीही वेळा दिली गेली तरी बोलावणे शक्यतो एकदाच आणि कामाच्या शेवटाकडे होते, ज्यामुळे तोवर बाकीची मॉड्यूलेही जागी बसलेली असतात. पर्लच्या ५.१२.३-२ या डेबियन पॅकेजापासून मोठ्या अपग्रेडच्या वेळी पर्लची स्क्रिप्ट अशी एक वर्दी देऊ लागली. मोठे अपग्रेड म्हणजे काय हेही डेबियनच्या पर्ल-विषयक धोरणात सांगितलेले आहे: ज्यामुळे मॉड्यूल शोधण्याच्या आवृत्तीबद्ध डिरेक्टऱ्या बदलतात किंवा यंत्रभाषेतील मॉड्यूलांशी असलेला मेळ तुटतो, ते मोठे. रिस्टार्ट न केल्यास बंद पडतील अशा दीर्घकाळ चालणाऱ्या सेवांच्या पॅकेजांनी या वर्दीत रस नोंदवावा आणि ती आल्यावर आपापली सेवा रिस्टार्ट करावी, असे तेथे सुचवले आहे.

सुचवले आहे, बंधन घातलेले नाही, आणि हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो. इंटरप्रिटरच्या पॅकेजाने स्वतःच सर्व सेवा रिस्टार्ट कराव्यात, हा पर्याय वरवर अधिक खात्रीचा वाटतो. जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या पॅकेजाने तोच मार्ग धरला आहे. वापरकर्त्यांची नावे शोधण्याचे काम करणारी तिची उपमॉड्यूले गरजेनुसार उचलली जातात आणि आवृत्ती बदलली की लॉगिन तपासणाऱ्या सेवा अडखळतात, म्हणून त्या पॅकेजाची स्क्रिप्ट सेवांची एक यादी बाळगते आणि त्या रिस्टार्ट करू का, असे प्रशासकाला विचारते. परंतु यादी कोणीतरी सांभाळावी लागते, नवी सेवा आली की ती जुनी होते, आणि सेवा कशी थांबवावी, थांबवताना काय जपावे हे यादी लिहिणाऱ्यापेक्षा सेवेच्या पॅकेजाची निगा राखणाऱ्याला अधिक कळते. पर्लच्या वर्दीत ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच निर्णय राहतो. तिची उणीवही यातच आहे: जो रस नोंदवायला विसरला त्याच्यापर्यंत वर्दी पोहोचत नाही, आणि संस्थेतील एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतः लिहून पॅकेज न करता चालवलेल्या सेवेला ती कळण्याचा मार्गच नाही. शिवाय सेवा आपोआप रिस्टार्ट होऊ नयेत असे धोरण प्रशासक एका छोट्या स्क्रिप्टद्वारे लागू करू शकतो, आणि तसे केले असेल तर वर्दी पोहोचूनही उपयोग होत नाही. तेथे जबाबदारी अर्थातच त्याने स्वतःवर घेतलेली असते.

रिस्टार्ट आणि रीलोड या दोन क्रिया व्यवहारात सर्रास एकच समजल्या जातात, आणि इंटरप्रिटरच्या बाबतीत हा गैरसमज महाग पडतो. गनिकॉर्न हा पायथनमधील वेब-सर्व्हर याचे चांगले उदाहरण आहे. त्यात एक मुख्य प्रक्रिया असते, ती फोर्क या क्रियेने, म्हणजे स्वतःच्या मेमरीची नक्कल करून, कामकरी प्रक्रिया जन्माला घालते. मुख्य प्रक्रियेला हँगअप हा संकेत पाठवला की ती आपली मांडणी पुन्हा वाचते, नवे कामकरी तयार करते आणि जुन्यांना हातातले काम संपवून जाऊ देते. बाहेरून पाहणाऱ्याला सारे ताजे झाल्यासारखे वाटते. पण नवे कामकरी ही जुन्या मुख्य प्रक्रियेचीच नक्कल असल्यामुळे त्यांच्यातील इंटरप्रिटर जुनाच राहतो. मुख्य प्रक्रियेने आधी वाचलेली मॉड्यूले जुनी, कामकऱ्याने आता नव्याने वाचलेली मॉड्यूले नवी आणि त्यांना चालवणारा इंटरप्रिटर पुन्हा जुना, असे मिश्रण तयार होते, जे अपग्रेडपूर्वीच्या किंवा नंतरच्या कोणत्याही चाचणीत कधी तपासले गेलेले नसते. सुरक्षेतील त्रुटी बुजवण्यासाठी अपग्रेड केले असेल, तर ती त्रुटी रीलोडनंतरही तशीच उघडी असते.

इंटरप्रिटर खरोखर बदलायचा तर एक्झेक ही क्रिया घडावी लागते, जिच्यात प्रक्रियेतील चालू प्रोग्रॅम टाकून देऊन डिस्कवरून दुसरा प्रोग्रॅम आणला जातो. एक्झेकमध्ये जुनी मेमरी सर्व जाते, पण उघडी असलेली फाइल-सूत्रे, म्हणजे फाइलींना आणि नेटवर्क-जोडण्यांना कर्नलने दिलेले क्रमांक, ती बंद करावीत अशी खूण आधी केली नसेल तर, टिकून राहतात. आणि सेवेत खंड न पडू देता तिला बदलण्याच्या बहुतेक युक्त्या या एका तपशिलावर उभ्या आहेत. एन्जिनएक्स हा सी भाषेतील वेब-सर्व्हर आणि गनिकॉर्न हे दोघेही त्यासाठी एकच संकेत वापरतात: तो मिळाल्यावर मुख्य प्रक्रिया आपली एक प्रत फोर्कने काढते, ती प्रत डिस्कवरील नव्या प्रोग्रॅमला एक्झेक करते, आणि मागण्या जेथे येऊन थडकतात ते ऐकणारे सॉकेट वारशाने तिच्याकडे जाते. काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही मुख्य प्रक्रिया एकाच दारावर उभ्या राहतात. नवीचे वागणे ठीक दिसले की जुनीला निरोप दिला जातो आणि बिघडलेले दिसले तर नवीलाच काढून टाकता येते. पायथनने २०१४ च्या ३.४ या आवृत्तीपासून फाइल-सूत्रे वारशाने जाऊ न देणे हाच मूळ नियम केला, जो सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता, पण त्यामुळे अशा सर्व्हरांना आपले सॉकेट मुद्दाम वारसायोग्य करावे लागते. सिस्टमडी ही सेवा सांभाळणारी व्यवस्था याहून सोपी वाट देते: सॉकेट तीच उघडते आणि सेवेच्या हाती सोपवते, त्यामुळे सेवा रिस्टार्ट होत असतानाही येणाऱ्या मागण्या कर्नलच्या रांगेत थांबून राहतात.

तोडायला खरोखर कठीण असते ते अर्धवट चालू असलेले लांब काम. वेबची मागणी क्षणात संपते. चित्रफीत रूपांतरित करणारे किंवा महिन्याचा हिशेब मांडणारे काम तासभर चालते, आणि सिस्टमडी मूळ मांडणीनुसार थांबण्याचा संकेत दिल्यावर ९० सेकंद वाट पाहून प्रक्रिया सक्तीने संपवते. रुबीतील साइडकिक ही कामांची रांग चालवणारी व्यवस्था यासाठी दोन पायऱ्या ठेवते. पहिल्या संकेताने कामकरी नवे काम उचलणे बंद करतो, दुसऱ्याने तो हातातले काम संपवण्यासाठी मूळ मांडणीत २५ सेकंद घेतो आणि उरलेले काम रांगेत परत ठेवतो. ते काम पुढे दुसरा कामकरी पहिल्यापासून करणार असल्याने एकच काम दोनदा सुरू झाले तरी परिणाम बिघडू नये अशा रीतीने ते लिहिलेले असावे लागते. अपग्रेडची तयारी या अर्थाने अपग्रेडच्या दिवशी करता येत नाही, ती सेवा लिहिली जाते तेव्हाच झालेली असते किंवा नसते.

पर्लच्या तुलनेत पायथनमध्ये चित्र काहीसे उलटे आहे. ३.११ आणि ३.१३ यांच्या डिरेक्टऱ्या वेगळ्या असतात आणि डेबियनच्या २०२३ मधील बुकवर्मवरून २०२५ मधील ट्रिक्सीवर जाताना जुन्या आवृत्तीची पॅकेजे मुद्दाम साफ करेपर्यंत बहुधा शेजारी टिकून राहतात, त्यामुळे चालू सेवेला तिची जुनी मॉड्यूले मिळत राहतात. गोची होते ती व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे एखाद्या प्रकल्पापुरती मॉड्यूले वेगळी ठेवणाऱ्या डिरेक्टरीची. तिच्यातील पायथन ही सहसा यंत्रावरील पायथनकडे नेणारी नुसती खूण असते. यंत्रावरील पायथन ३.१३ झाले की ती खूण आपोआप तिकडे वळते, पण प्रकल्पाची मॉड्यूले मात्र ३.११ च्या नावाच्या डिरेक्टरीत राहिलेली असतात, जी नवा इंटरप्रिटर पाहतच नाही. चालू सेवेला याचा पत्ता नसतो. तिला रिस्टार्ट केल्यावर ती उठतच नाही. पर्लच्या सेवेला रिस्टार्टने गुण येतो, येथे रिस्टार्टनेच दुखणे बाहेर येते, आणि ते जर कित्येक महिन्यांनी वीज गेल्यामुळे झालेले रिस्टार्ट असेल तर अपग्रेडशी त्याचा संबंध कोणाला आठवणेही कठीण. लहान अपग्रेडमध्ये, जेथे फाइली त्याच डिरेक्टरीत जागच्या जागी बदलतात, आणखी एक चमत्कारिक प्रकार दिसतो: चूक कोणत्या ओळीवर झाली हे सांगताना पायथन ओळीचा क्रमांक मेमरीतून घेतो आणि ओळीचा मजकूर त्या क्षणी डिस्कवरून वाचतो, त्यामुळे न रिस्टार्ट झालेल्या सेवेच्या नोंदवहीत चुकीच्या जागी कधी कधी एखादी टिप्पणी किंवा चक्क रिकामी ओळ छापलेली आढळते. अनुभवी प्रशासकाला हीच खूण पुरते.

चालू प्रणाली न थांबवता बदलण्याचा विषय निघाला की एर्लांगचे नाव येतेच. एरिक्सन कंपनीत दूरध्वनी-विनिमयासाठी घडवलेल्या या भाषेत एका मॉड्यूलच्या चालू आणि जुन्या अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहू शकतात आणि प्रत्येक सेवा आपली आंतरिक स्थिती जुन्या रूपातून नव्या रूपात आणण्याचे फंक्शन स्वतः पुरवते. तिसरी आवृत्ती आणण्यासाठी मात्र पहिली काढून टाकावी लागते, आणि तोवर तिच्यातच अडकून राहिलेल्या प्रक्रिया त्या वेळी मारल्या जातात. एवढी तजवीज असूनही एर्लांगचा स्वतःचा इंटरप्रिटर, ज्याला तेथे एम्युलेटर म्हणतात, बदलायचा असेल तर अपग्रेडच्या सूचनांत तो पुन्हा सुरू करण्याचा आदेश द्यावाच लागतो. अंगावरची वस्त्रे बदलण्याची सोय ज्या भाषेने सर्वांत पुढे नेली तिलाही पायाखालची जमीन चालता चालता बदलता आलेली नाही, ही गोष्ट एर्लांगच्या चाहत्यांकडून जरा कमीच सांगितली जाते.

कंटेनरच्या पद्धतीने हा प्रश्न सोडवण्याऐवजी त्याची जागा हलवली. तेथे सेवा आणि तिचा इंटरप्रिटर एकाच प्रतिमेत बांधलेले असतात, चालू प्रतिमेत अपग्रेड करायचेच नसते, नवी प्रतिमा घडवून जुने कंटेनर एकेक करून बदलायचे असतात. डिस्क आणि मेमरी यांच्यात तफावत पडण्याचा प्रसंगच येत नाही. त्याऐवजी प्रतिमा वेळेवर पुन्हा घडवण्याची जबाबदारी प्रत्येक सेवेच्या चालकावर येते.

ज्या यंत्रांवर अजूनही पॅकेजेच अपग्रेड होतात, आणि अशी यंत्रे पुष्कळ आहेत, तेथे कोणत्या सेवा मागे राहिल्या हे नंतर शोधणारी साधने वापरात आहेत. सी भाषेतील सेवांसाठी हे सोपे असते: मेमरीच्या नकाशात खोडलेल्या लायब्ररीचा शेरा दिसला की सेवा जुनी. पर्लच्या किंवा पायथनच्या साध्या मॉड्यूलबाबत हा उपाय चालत नाही, कारण इंटरप्रिटर त्या फाइली वाचून लगेच बंद करतो आणि नकाशात त्यांचा मागमूसही राहत नाही. नीडरिस्टार्ट या साधनाने, जे स्वतःही पर्लमध्येच लिहिलेले आहे, २०१४ मधील ०.८ या आवृत्तीपासून वेगळी वाट काढली: चालू प्रक्रिया कोणती स्क्रिप्ट चालवते ते पाहायचे, ती स्क्रिप्ट कोणकोणती मॉड्यूले मागते ते शोधायचे, आणि त्यांतील एखादी फाइल प्रक्रिया सुरू झाल्यानंतर बदललेली असेल तर ती सेवा रिस्टार्टला पात्र ठरवायची. मॉड्यूले नेमकी कोठून येतात हे कळण्यासाठी संबंधित इंटरप्रिटरलाच विचारणे सर्वांत अचूक म्हणून ते साधन पायथन चालवून पाही, आणि उत्तर त्या प्रक्रियेला लागू पडावे म्हणून तिच्याच परिसर-चलांतील, म्हणजे प्रक्रियेला सुरू होताना सोबत मिळालेल्या मूल्यांतील, मॉड्यूल-मार्ग उचलून वापरी.

या शेवटच्या तपशिलात दहा वर्षे एक भगदाड होते. नीडरिस्टार्ट सर्वाधिकारी रूट वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते, तर तपासली जाणारी प्रक्रिया कोणत्याही सामान्य वापरकर्त्याची असू शकते. त्या वापरकर्त्याने आपल्या प्रक्रियेत मॉड्यूल-मार्ग म्हणून स्वतःची डिरेक्टरी लिहून तेथे स्वतःचे मॉड्यूल ठेवले, तर पुढच्या तपासणीत ते रूटच्या अधिकाराने चालवले जाई. क्वालिस या सुरक्षा-संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा एकूण पाच त्रुटी जाहीर केल्या. उबुंटू या लिनक्स वितरणाच्या सर्व्हर-रूपात २१.०४ या आवृत्तीपासून हे साधन मुळातच बसवलेले येत असल्याने त्यांची व्याप्ती मोठी होती. ३.८ या आवृत्तीत दुरुस्ती झाली, आणि ती बसवता येत नसेल तर मांडणीच्या फाइलमध्ये इंटरप्रिटरची तपासणी बंद करणारी एक ओळ लिहावी, असा तात्पुरता उपाय सांगितला गेला. ती ओळ लिहिली की नीडरिस्टार्ट सी भाषेतील सेवांची विचारपूस पूर्वीप्रमाणे करीत राहते, पर्ल आणि पायथनमधील सेवांबद्दल मात्र काहीच सांगत नाही, आणि नंतर ती ओळ काढायची राहून गेली तरी यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.